किल्ली कोणाकडे राहणार?

प्रश्न थोडक्यात असा: वडील साताऱ्याला असतात, येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. हाती ७० लाखांच्या आसपास येतील. प्रश्न विचारणारा मुलगा बंगळुरात नोकरीला. पुण्यात धायरीला ६५ लाखांचा एक टू-बीएचके बघून ठेवलाय, भाडं २२ हजार सहज येईल असं ब्रोकर म्हणतो. "हे भाडं वडिलांना पेन्शनसारखं दर महिन्याला मिळत राहील ना? आणि घर भाड्याने देण्यात खऱ्या अडचणी कुठल्या येतात?"

मी ही उठाठेव २००१ पासून करते आहे. बँकेत नोकरीला असताना कर्ज काढून घेतलेला एक फ्लॅट, सासऱ्यांकडून आलेला दुसरा आणि हिंजवडीकडच्या बाजूला २०१४ मध्ये घेतलेला तिसरा. तिन्ही घरांत मिळून आजवर २६ भाडेकरू झाले. वहीत सगळ्यांची नावं आहेत म्हणून आकडा पक्का सांगता येतो. त्यातले त्रासदायक निघाले दोन. बाकीचे २४ जण तुमच्याआमच्यासारखे, पगार झाला की भाडं टाकणारे. त्यामुळे "भाडेकरू घर बळकावेल" ही जी तुमच्या वडिलांची पहिली भीती असणार, ती मी शेवटी घेते. माझे पैसे भाडेकरूंनी कमी बुडवले. रिकाम्या महिन्यांनी आणि पाण्याने जास्त बुडवले.

आधी हिशोब करू, कारण ब्रोकर तो अर्धाच सांगतो. ६५ लाखांच्या घराला पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क धरा, वर नोंदणीचे ३० हजार. म्हणजे पावणेपाच लाखांच्या थोडे वर गेले. (घर आईच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती लोक विसरतात.) पंखे, गिझर, खिडक्यांना जाळ्या, किचन ट्रॉली, कपाटं यांशिवाय हल्ली चांगलं कुटुंब घर बघायलाही येत नाही, त्याचे दोन लाख. ६५ चे ७२ लाख झाले आणि वडिलांचे सत्तर संपून वर दोन तुमचे लागले.

आता येणारी बाजू. २२ हजार गुणिले १२ असं कधी करू नका, गुणिले ११ करा. भाडेकरू सरासरी दोन वर्षं राहतो, तो गेला की रंग, साफसफाई, दुरुस्ती, नवा माणूस शोधणं यात महिना-दीड महिना जातोच. जूनमध्ये रिकामं झालं तर आठवड्यात जातं, कारण कॉलेजं उघडतात, शाळांचे प्रवेश, बदल्या सगळं त्याच सुमारास असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रिकामं झालं की बसा. तर २ लाख ४२ हजार आले. त्यातून मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर ३६ हजार. पुण्यात भाडं बहुधा मेंटेनन्स धरूनच सांगतात, तो तुम्हालाच भरायचा असतो. मिळकतकर १२ हजार धरा, आणि इथे एक गोम आहे: पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती गेली. विकणारा तुम्हाला त्याचं सवलतीचं बिल दाखवेल, तिकडे लक्ष असू द्या. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ती जादा रक्कम, वर्षाला तीनेक हजार. दर दोन वर्षांनी ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला ११ हजार. करारनाम्याचे दोन. दुरुस्तीचे १५ हजार, जे एका वर्षी चार होतात आणि एका वर्षी चाळीस. सगळं वजा जाता १ लाख ६३ हजार उरले. ७२ लाखांवर सव्वादोन टक्के.

आता हे सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेशी ताडून बघा. तिथे एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज झालं. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. वडील ५८ व्या वर्षी निवृत्त होत असतील तरी निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यांना खातं उघडता येतं. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला खात्यात जमा. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात भाड्याच्या दीडपट. कबूल आहे, घराची किंमत वाढते आणि व्याजाचं मुद्दल वाढत नाही; भाडंही दरवर्षी पाच-सात टक्क्यांनी चढतं. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मिळकतकर वजा केल्यावर, दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग तुम्ही एक खिळासुद्धा ठोकलेला नसला तरी. व्याज मात्र सगळं उत्पन्नात धरलं जातं. म्हणून घर हा वाईट व्यवहार आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही "पेन्शनसारखं" हा शब्द वापरलात म्हणून सांगते. २०२० साली एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, माझ्या हिंजवडीच्या घरातला मुलगा गावी गेला तो परत आलाच नाही, सामान ऑगस्टमध्ये भावाने नेलं. त्याच एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं होतं. ते योग्यच होतं. पण माझं ते घर पुढे सलग अकरा महिने रिकामं होतं आणि मेंटेनन्सचं बिल एक महिनाही चुकलं नाही. ज्याचा किराणा या भाड्यावर चालणार आहे त्याने हे गृहीत धरायला हवं.

आता अडचणींकडे येते, आणि सगळ्यात आधी पाण्याकडे.

पुण्याच्या कडेच्या भागांत पाणी हा भाड्याचा अर्धा भाग आहे. जिथे सोसायटी टँकरवर चालते तिथे उन्हाळ्यात मेंटेनन्स वाढतो आणि भाडेकरू पळतो. जिथे बोअरचं पाणी मिसळतात तिथे गिझरची कॉइल दोन-तीन वर्षांत जाते, नळांना पांढरा थर चढतो, शॉवरची भोकं बुजतात. मी आता गिझर घेताना कंपनी बघत नाही, त्या भागात दुरुस्तीला माणूस लगेच येतो का तेवढं बघते. कारण फोन येतो तो जानेवारीत सकाळी पावणेसातला, "काकू, गरम पाणी येत नाहीये, घरात लहान बाळ आहे." तेव्हा "बघते" म्हणून चालत नाही. माझ्याकडे एक प्लंबर आणि एक वायरमन असे दोघं पंधरा वर्षांचे ओळखीचे आहेत. दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचा डबा जातो. हे गमतीने सांगत नाही, या धंद्यातली माझी खरी गुंतवणूक ती आहे.

नळाचं पाणी निभावतं. भिंतीतलं पाणी निभावत नाही. एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण ते तुमच्याच उपयोगाचं आहे.

दुसऱ्या मजल्यावरचं माझं घर. त्यात एक जोडपं, वर्षाचा मुलगा, तीन वर्षं राहत होते. इतके नीटनेटके की मी दोन वर्षं भाडं वाढवलं नव्हतं. एका जुलैत तिने फोटो पाठवला: बेडरूमच्या कोपऱ्यात वरून ओल उतरलेली, रंगाचे पोपडे सुटलेले. पावसाचं असेल म्हणून आम्ही महिनाभर वाट बघितली. पाऊस उघडला, ओल वाढली. मग प्लंबरला नेलं, तो म्हणाला वरच्या बाथरूममधून येतंय, वर फरशी काढून कोबा नव्याने करावा लागेल, चार दिवस बाथरूम बंद. नियम सरळ आहे: गच्चीची गळती सोसायटीने काढायची, वरच्या घराच्या संडास-बाथरूमची गळती वरच्या मालकाने. पण वरचा मालक दुबईत. त्याच्या घरात चार मुलं भाड्याने, ती म्हणाली मालकाला विचारा. मालक म्हणाला, मी डिसेंबरमध्ये येतो तेव्हा बघू. त्याच्या घराची जादा किल्ली एका एजंटाकडे, एजंटाने फोन उचलणं सोडलं. सेक्रेटरींनी दोन पत्रं दिली, ती व्हॉट्सॲपवर वाचून निळी झाली. इकडे भिंतीवर बुरशी धरली, बाळाला सर्दी-खोकला सुरू झाला. ती मला एक शब्द कडवट बोलली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी म्हणाली, "काकू, आम्ही दुसरं घर बघितलंय."

शेवटी मी वरच्या मालकाला म्हटलं, अर्धा खर्च मी देते पण हो म्हणा. ३८ हजारांचं काम, १९ माझे. कायद्याने एक रुपयाही माझा नव्हता. पण मधल्या काळात घर अडीच महिने रिकामं पडलं होतं, म्हणजे मी अर्ध्या खर्चाहून कितीतरी जास्त आधीच गमावले होते. भिंत वाळायला पुढचा उन्हाळा लागला, त्याच्या आधी रंग दिला असता तर पुन्हा सुटला असता. नवे भाडेकरू कोपऱ्यात कपाट सरकवून राहिले आणि हजार रुपये कमी करून घेतले.

तो वरचा मालक वाईट माणूस नव्हता. लांब होता, इतकंच. तुम्ही बंगळुरात आणि वडील साताऱ्यात असताना खालच्या मजल्यावरच्या कुणासाठी तुम्ही तोच माणूस होणार आहात, आणि तुमच्या घरातल्या भाडेकरूसाठीसुद्धा. म्हणून मी भाव, भाडं, लोकेशन यांच्या आधी एकच विचारते: किल्ली कोणाकडे राहणार? कुणीतरी असं हवं, जे तासाभरात दाराशी उभं राहू शकेल. प्लंबर आला तर घरात थांबेल, रिकाम्या काळात पंधरा दिवसांनी जाऊन नळ सोडेल, खिडक्या उघडेल. बंद घराच्या संडासातलं पाणी सुकलं की पाइपातून झुरळं वर येतात. सिंकखालच्या फळ्यांना वाळवी लागते. हे फोनवरून दिसत नाही.

घर सांभाळून देणाऱ्या कंपन्या आता पुण्यात बऱ्याच आहेत, भाड्याचे काही टक्के घेतात. मी एकदा एका कंपनीकडे वर्षभर दिलं होतं. भाडं वेळेवर यायचं, पण त्यातून कापलेली दुरुस्तीची बिलं बघून माझा प्लंबर हसला. वॉशर बदलल्याचे साडेआठशे. ज्यांना पर्यायच नाही त्यांनी घ्यावी, मात्र ठरावीक रकमेच्या वरचं प्रत्येक काम आधी फोटो आणि दर कळवून, हो म्हटल्यावरच, असं लिहून घ्यावं.

भाडेकरू निवडण्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे. नोकरीचं ओळखपत्र, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, आणि घर बघायला घरातली सगळी माणसं आली का, एवढं मी बघते. आधीच्या घरमालकाला "भाडं वेळेवर देत होते का" असं विचारलं तर तो पीडा टळावी म्हणून हो म्हणतो. मी विचारते, "पुन्हा द्याल का त्यांना?" उत्तर देण्याआधी तो किती थांबतो त्यावरून कळतं. बॅचलर मुलं नकोत असं सोसायट्या म्हणतात, मला तसा अनुभव नाही. माझ्याकडे चार इंजिनिअर मुलं तीन वर्षं राहिली, जाताना बाथरूम घासून गेली. जात, धर्म, मांसाहार यावरून माणसं नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत आणि त्यात मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. दहातले सहा गिऱ्हाईक आधीच वजा केल्यावर घर रिकामं राहिलं म्हणून कुरकुर कशाला? एक फसवणूक मात्र सांगून ठेवते, कारण वडिलांचा नंबर जाहिरातीत टाकलात तर फोन येणारच: "मी आर्मीत आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघता डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. हे वडिलांना कागदावर लिहून द्या.

चांगला भाडेकरू मिळाला की त्याला टिकवणं हा खरा धंदा. दरवर्षी दहा टक्के वाढ मागून तो गेला तर काय होतं, मोजा. २२ हजारांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला २६ हजार ४०० जास्त. तो गेला तर एक महिना रिकामा २२, ब्रोकर २२, रंगाचे वीसेक, आणि नवा माणूस कसा निघेल ते वेगळंच. मी पाच टक्के वाढवते, आणि तेही दिवाळीनंतर बोलते, आधी नाही.

डिपॉझिटवरून मात्र चांगल्या माणसांचंही वाजतं. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं घेतात. घर सोडताना मालक म्हणतो रंगाचे कापतो, भाडेकरू म्हणतो तीन वर्षांत रंग जाणारच. माझा नियम असा: राहून जे झिजतं ते माझं, राहताना जे तुटतं ते त्यांचं. दोन वर्षांनंतरचा रंग माझा, पण मुलाने भिंतीवर क्रेयॉनने काढलेली आगगाडी त्यांची (ती मी एकदा तशीच ठेवली होती, फार छान काढली होती). बेसिनला तडा त्यांचा, नळाचं वॉशर माझं. ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचा आकडा त्यात बोलून घ्यायचा आणि तो लगेच दोघांच्या चॅटमध्ये टाकायचा. वीजबिलावर विशेष नजर ठेवा. मीटर मालकाच्या नावावर असतो, भाडेकरूने तीन बिलं थकवली तर महावितरणचा माणूस तुमचं कनेक्शन तोडतो. ग्राहक क्रमांक टाकून बिल कुठूनही बघता येतं, महिन्यातून एकदा बघायचं. शेवटचं बिल घर सोडल्यावर येतं, म्हणून मी डिपॉझिटमधले दोन हजार बिल येईपर्यंत ठेवते आणि तसं आधीच करारात लिहिते.

सोसायटीबद्दल दोन गोष्टी कागदावर ठाऊक असू द्या, म्हणजे वडिलांना कोणी दमात घेणार नाही. भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेली नमुना नियमावली) ताबा देण्याच्या आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत; १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. १० टक्के सेवाशुल्काचे, सगळ्या बिलाचे नव्हे. मिळकतकर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) त्यात येत नाही. तरीही काही सोसायट्या "भाडेकरू ट्रान्सफर फी", "लिफ्ट वापर" अशा नावांनी पावत्या फाडतात. मी एकदा भांडले, जिंकले, आणि मग दोन वर्षं माझ्या भाडेकरूला गाडी लावायला नीट जागा मिळाली नाही. आता थोड्यासाठी भांडत नाही. वार्षिक सभेला मात्र न चुकता जाते, तिथला चहा पिते, सेक्रेटरींच्या गुडघ्यांची चौकशी करते.

आता राहिली ती भीती. पुण्यात ती वाड्यांतून आली आहे. माझ्या माहेरच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात तीन बिऱ्हाडं होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या आकड्याला बांधून ठेवली होती. आजोबा वारले तेव्हा एका बिऱ्हाडाचं भाडं महिना १४ रुपये होतं, आणि दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला त्याच्या कैकपट जायचे. भाडेकरू म्हणायचे मालक दुरुस्ती करत नाही, मालक म्हणायचा कशातून करू, आणि वाडा दोघांच्या डोक्यावर खचत होता. त्यात १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूच्या हक्काशिवाय नुसत्या राहायच्या परवानगीवर, राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी "तात्पुरतं" म्हणून खोली दिली होती त्यांच्या हातून ती गेली. आमच्या पिढीने हे घरात ऐकलंय, म्हणून अजूनही सुशिक्षित माणसं घर कुलूप लावून रिकामं ठेवतात.

ते दिवस नव्या करारांपुरते संपले आहेत. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराला, वेगळं स्थान आहे. मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचाव करायची परवानगी मागावी लागते. अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं आणि मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही" हे तुम्हाला दहा जण सांगतील. महाराष्ट्रात ते चूक आहे. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून दिलेला कागद रद्दीत घालायच्या लायकीचा.

माझे दोन त्रासदायक भाडेकरू म्हणजे हाच धडा. पहिला २००६ मधला, मैत्रिणीच्या ओळखीचा, म्हणून करारच केला नाही. पाच महिन्यांचं भाडं गेलं, शेवटी तिच्याच सासऱ्यांनी मध्ये पडून घर सोडवलं. दुसऱ्याचा करार नोंदवलेला होता. त्याच्यासाठी प्राधिकाऱ्याकडे जावं लागलं, आदेश हाती यायला साडेसात महिने लागले, पण मला रात्री झोप येत होती. या काळात कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं असलं काही करायचं नाही. मग पोलीस चौकीत आपल्यालाच बसावं लागतं.

नोंदणीचा खर्च लोक उगाच घाबरतात इतका नाही. एकूण भाड्यावर, शिवाय परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर, पाव टक्का मुद्रांक शुल्क. २२ हजार भाडं आणि ७५ हजार डिपॉझिट असेल तर २२ महिन्यांच्या कराराला सव्वाबाराशे रुपये होतात. शहरात नोंदणी फी हजार. एजंट घरी अंगठ्याचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन येतो, त्याचे वेगळे. करार २२ किंवा ३३ महिन्यांचा करा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहा, म्हणजे हे सव्यापसव्य दरवर्षी नको. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची, तिची पोच छापून फाइलला लावायची. घर वडिलांच्या नावावर असेल तर मशीनवर अंगठा त्यांचाच लागतो, आणि साठीच्या आसपास बोटांचे ठसे उमटेनासे होतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही तासभर त्यांच्या अंगठ्याला व्हॅसलीन चोळत बसलो होतो, भाडेकरू बिचारा ऑफिसला उशीर झाला तरी हसत होता. आधी आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने देऊन ठेवा.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: वडिलांचे ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत जाऊ द्यात, घरखर्च त्यावर चालू द्यात. आई साठीची असेल तर तिच्या नावाने वेगळं खातं. उरलेल्यात घर हवंच असेल तर आधी साताऱ्यातच बघा. तिथे भाडं कमी येईल, पण वडील संध्याकाळी फिरायला निघाले की जाता जाता घराकडे नजर टाकतील आणि प्लंबर त्यांच्या ओळखीचा असेल.

आणि धायरीवरच मन बसलं असेल, तर टोकन देण्याआधी दोन कामं करा. ब्रोकरला न सांगता मे महिन्यात एका दुपारी त्या सोसायटीत जा, वॉचमनला विचारा रोज किती टँकर येतात आणि इमारतीत भाड्याची घरं किती. दुसरं, वडिलांना एसटीने एकट्याने येऊ द्यात. नवले पुलाला उतरून धायरी, घर बघून, सेक्रेटरींना भेटून संध्याकाळी परत सातारा. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन झाले की त्यांना विचारा, "बाबा, हे महिन्यातून एकदा जमेल?" ते काय म्हणाले ते मला कळवा, मग पुढचं बोलू.